शिवराई विकून लाखो रुपये मिळतात का?

‘शिवराई आहे? लाखो मिळतील!’ असा मेसेज तुम्हीही पाहिला असेल. घोडेगावात किंवा आसपास कुणाच्या देव्हाऱ्यात असं नाणं असेल, तर आधी हे वाचा.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. होन फार थोडे उरलेत. शिवराईचं तसं नाही. पुढे पेशवाईतही ती त्याच नावाने पाडली जात राहिली, इंग्रज आल्यावरही बाजारात चालली. त्यामुळे नुसतं ‘शिव’ वाचून नाणं महाराजांच्या काळातलं ठरत नाही. अक्षरांची वळणं आणि वजन जाणकारालाच दाखवावं लागतं. नंतरच्या काळातली, आडव्या दोन रेघांची ‘दुदांडी’ शिवराई तर काहीशे रुपयांतही मिळते.

मग मेसेजवाला? तो आधी ‘कमिशन’ मागतो. तिथेच थांबा. रिझर्व्ह बँक असं कमिशन घेत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि हो, नाणं चिंचेने घासू नका. चकाकतं खरं, पण किंमत उतरते.