ठळक खिळा कोणासाठी?

१८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने रेषेइतक्याच जाड पायांच्या अक्षरांचा ठळक टाइप काढला. असा टाइप जाहिरातीत रुळला, कारण तो दुरून दिसे आणि रस्त्याने जाणाऱ्याला थांबवी. देवनागरीत हे बळ जाड शिरोरेषेतून येते.

खिळा जात मानीत नाही. खिळ्याचा मालक मानतो. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. ठळक अक्षर विकाऊ होते, पण आम्हांला विकायचे नव्हते. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा भारतभूषण छापखाना का चालविला, हे यावरून समजावे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तिथल्या आमच्या पत्रकांत मजकूर बारीक असे. 'नामांतर' हा एकच शब्द मोठ्या लाकडी खिळ्यांत. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही त्या शब्दाचा आकार ओळखी. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, जुने पत्रक हाती आले की मजकुराआधी ठसा पाहा. कोणता शब्द जाड करण्यासाठी माणसे मार खात होती, ते तिथे कळते.