घरातला धूर

मीरा-भाईंदर हे नाव अलीकडचं. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. त्याआधी राई, मुर्धे, मोर्वा, नवघर अशी आमची गावं होती. खाडी, मिठागरं आणि उरलेल्या जमिनीत पावसाळी भात. त्या गावांतल्या घरांच्या आत कसली हवा होती, ते सांगतो.

घरं कुडाची, वर कौलं. चुलीत गोवऱ्या, तूस, तिवराची लाकडं. पावसाळ्यात ओलं सरपण नुसतं धुमसायचं. त्या धुराला कामही होतं. माळ्यावरचं बियाणं त्यानं टिकायचं, वाशांना कीड लागत नसे. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. पण आधी तो बाईच्या छातीतून जाई, मग कौलांतून.

माझी थोरली काकी पन्नाशीतच खोकायला लागली. घरात सगळे दमा म्हणायचे. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता का?" काकी म्हणाली, "नाय रं बाबा, आखा जन्म चूल फुंकली." ते ऐकून कोणी काही लिहून घेतलं नाही. खोकल्यातच ती गेली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, २०२० साली घरातल्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

पुढं पैसा आला, कौलं जाऊन स्लॅब पडला. काही घरांत चूल मात्र तीच राहिली. फटी बुजल्या आणि धूर कोंडला. सरकारनं १९८० च्या दशकात निर्धूर चुली आणल्या, पण धुराडं साफ केलं नाही तर धूर परत घरातच. मग गॅस आला. गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की बाई पुन्हा सरपण गोळा करते.

आता इथं टॉवर आहेत. चूल गेली, डास राहिले. लोक खिडक्या लावून रात्रभर कॉइल जाळतात. २००३ साली संशोधकांनी मोजलं, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक धूलिकण निघतात. त्याच खोलीत तान्हं पोर झोपलेलं असतं. वर अगरबत्ती, फोडणीचा ठसका, भिंतीची ओल.

आमच्याकडं मच्छरदाणी लावतो. फोडणी टाकायच्या आधी सून खिडकी उघडते. रस्त्याची धूळ असते म्हणून बाकी खिडक्या पहाटे उघडतो. पूर्वी कौलं आपसूक करायची ते काम आता माणसानं आठवणीनं करायचं, एवढाच फरक.