मुंज्या, तात्या विंचू आणि विनोदी भयपटांचे उत्तरभाग

कमी खर्चात तयार झालेला, हसवता हसवता घाबरवणारा आणि केंद्रस्थानी एखादे खोडकर भूत असलेला चित्रपट यशस्वी झाला, की त्याचा पुढचा भाग येणे हा आता चित्रपटसृष्टीचा जवळपास नियमच झाला आहे. ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने या प्रकाराला थेट कोकणातील लोककथेची जोड दिली. त्याआधी एकतीस वर्षे, १९९३ मध्ये, ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटाने तात्या विंचू नावाच्या बाहुल्याला घराघरांत पोहोचवले होते. या दोन चित्रपटांच्या निमित्ताने विनोदी भयपट, त्यांमागील लोककथा आणि त्यांच्या उत्तरभागांचे गणित यांचा हा आढावा.

मुंजा म्हणजे काय?

मौंजीबंधन झालेला, परंतु सोडमुंज होण्यापूर्वी मरण पावलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर वस्ती करतो, अशी महाराष्ट्रात जुनी समजूत आहे. ब्रह्मचर्याश्रमात प्रवेश झाला, पण त्यातून बाहेर पडून गृहस्थाश्रमात जाणे राहून गेले, या अर्धवट अवस्थेमुळे त्याची इच्छा अतृप्त राहते, असे या समजुतीचे मूळ सांगितले जाते. ब्रिटिश प्रशासक आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या लोकसाहित्यविषयक ग्रंथात कोकणातील भुतांच्या अनेक प्रकारांबरोबर मुंजाचीही दखल घेतली आहे.

वेताळ, ब्रह्मसमंध, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण, गिऱ्हा आणि चकवा अशी मराठी भुतांची यादी मोठी आहे. प्रत्येकाची जागा, वेळ आणि वागण्याची रीत ठरलेली असते. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा वाट चुकवतो, तर मुंजा पिंपळाखालून जाणाऱ्याची खोडी काढतो. मुंजा हा मुळात लहान मुलगा असल्याने त्याच्या उपद्रवात दुष्टपणापेक्षा हट्ट आणि खोडकरपणा अधिक, असे लोककथांतून दिसते.

मुंजाची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत पिंपळाच्या पारावर शेंदूर लावलेला मुंजाबा किंवा मुंजोबा आढळतो. त्याला नारळ वाढवला जातो, नवस बोलला जातो. ज्याची भीती वाटते त्यालाच गावाचा राखणदार करून घ्यावयाचे, ही रीत वेताळाच्या बाबतीतही दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथील वेतोबाला भाविक मोठ्या आकाराच्या चपला अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, त्यामुळे त्या झिजतात, अशी श्रद्धा त्यामागे आहे.

भूत स्वस्त का पडते?

चित्रपटाच्या अर्थकारणाच्या दृष्टीने लोककथेतील भुताचे काही उघड फायदे आहेत. त्यावर कोणाचा मालकी हक्क नसतो. त्याची ओळख करून देण्यात वेळ जात नाही, कारण प्रेक्षकाने आजीकडून त्याचे नियम ऐकलेले असतात. वाडा, पिंपळ, विहीर आणि गावची वाट एवढ्या स्थळांवर कथा उभी राहते. शिवाय मुख्य आकर्षण भूत हेच असल्याने मोठ्या मानधनाच्या कलावंतांची गरज भासत नाही. विनोदाची जोड मिळाली, की मुखवटा किंवा बाहुली थोडी कृत्रिम वाटली तरी प्रेक्षक ती खपवून घेतो. निखळ भयपटाला ही सवलत मिळत नाही.

मराठीत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. १९८२ मधील ‘एक डाव भुताचा’ या चित्रपटात अशोक सराफ यांनी भुताची, तर दिलीप प्रभावळकर यांनी त्या भुताच्या संगतीत सापडलेल्या शिक्षकाची भूमिका केली होती. १९८९ मध्ये सचिन पिळगावकर यांचा ‘भुताचा भाऊ’ आला. या चित्रपटांतील भूत घाबरवण्यापेक्षा दुबळ्या नायकाला मदत करण्यासाठी येत असे.

तात्या विंचूचा जन्म

महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ने १९९३ मध्ये हे चित्र बदलले. मरणाच्या दारात असलेला गुंड मंत्राच्या साह्याने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करू पाहणाऱ्या लक्ष्याच्या हाती येतो, असे त्याचे कथासूत्र आहे. १९८८ मधील ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाची छाया त्यावर स्पष्ट दिसते. मात्र मांत्रिक बाबा, गावातील हवालदार आणि लक्ष्याची भाबडी फजिती यांमुळे चित्रपटाला मराठी बाज आला.

बाहुल्याची करामत ही या चित्रपटाची खरी ताकद होती. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूला हालचाल दिली, तर दिलीप प्रभावळकर यांनी त्याला आवाज दिला. रामदास यांचे वडील य. के. पाध्ये हे ‘अर्धवटराव’ या बोलक्या बाहुल्यामुळे महाराष्ट्राला परिचित होते. संगणकीय दृश्ये मराठी निर्मात्यांच्या आवाक्याबाहेर असण्याच्या काळात एका कलावंत घराण्याच्या हातांनी ती उणीव भरून काढली. लक्ष्मीकांत बेर्डे यांना या चित्रपटात सहकलाकाराऐवजी निर्जीव बाहुल्याकडे पाहून अभिनय करावा लागला. घाबरलेल्या लक्ष्याचा चेहरा पटला, म्हणूनच बाहुला जिवंत वाटला.

‘झपाटलेला’ची हिंदी आवृत्ती ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने १९९५ मध्ये आली. कोठारे यांनी २००४ मध्ये ‘पछाडलेला’ हा स्वतंत्र विनोदी भयपट केला. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले.

‘झपाटलेला २’ पडद्यावर येण्यास २०१३ साल उजाडले. ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात आदिनाथ कोठारे यांनी लक्ष्याच्या मुलाची भूमिका केली. त्यांच्यासोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर आणि मकरंद अनासपुरे होते. मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट, अशी त्याची जाहिरात करण्यात आली. तात्या विंचू परतला. मात्र त्याला पाहून गाळण उडणारा लक्ष्या आता नव्हता. भूत अमर असले तरी त्याच्यासमोर घाबरणारा कलावंत अमर नसतो, ही उत्तरभागांची मोठी अडचण येथे ठळकपणे समोर आली. तिसऱ्या भागाचा मनोदय व्यक्त करताना, संगणकीय तंत्राने बेर्डे यांना पुन्हा पडद्यावर आणण्याची इच्छा कोठारे यांनी बोलून दाखवली, ती याच कारणाने.

केरळचा कुट्टिचातन, आयर्लंडचा लेप्रेकॉन

खोडकर भूत आणि त्रिमिती तंत्र यांची सांगड भारतात त्यापूर्वीही घातली गेली होती. केरळच्या लोककथेतील कुट्टिचातन या छोट्या भुतावर जिजो पुन्नूस यांनी १९८४ मध्ये ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा मल्याळम चित्रपट दिग्दर्शित केला. तो भारतातील पहिला त्रिमिती चित्रपट मानला जातो. मांत्रिकाच्या कैदेतून मुलांनी सोडवलेले हे भूत १९९८ मध्ये ‘छोटा चेतन’ या हिंदी आवृत्तीतून देशभरातील बालप्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

‘झपाटलेला’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, १९९३ मध्ये, अमेरिकेत ‘लेप्रेकॉन’ आला. आयरिश लोककथेतील लेप्रेकॉन हा चपला शिवणारा, सोन्याचे हंडे लपवून ठेवणारा बुटका. दिग्दर्शक मार्क जोन्स यांनी त्याला खुनशी केले आणि वॉरविक डेव्हिस या अभिनेत्याने ती भूमिका रंगवली. दहा लाख डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या या चित्रपटाने सुमारे पंच्याऐंशी लाख डॉलर मिळवले. या चित्रपटात जेनिफर ॲनिस्टनही होती. पुढे ती दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय तारका झाली.

त्यानंतर घडले ते उत्तरभागांच्या इतिहासातील एक बोधप्रद उदाहरण आहे. दुसरा भाग १९९४ मध्ये चित्रपटगृहांत आला, पण त्याचे उत्पन्न पहिल्याच्या तुलनेत फारच कमी होते. १९९५ मधील तिसरा भाग थेट व्हिडिओवर आला आणि कथा लास व्हेगासच्या जुगारघरात गेली. चौथ्या भागात लेप्रेकॉन अंतराळात पोहोचला. पाचवा आणि सहावा भाग शहरी वस्तीत घडतात. डेव्हिस यांनी २००३ पर्यंत सहा भागांत काम केले. २०१४ आणि २०१८ मधील पुढच्या दोन चित्रपटांत ते नव्हते. कथा जमिनीपासून सुटली, तसतसे हे भूत आयर्लंडचे उरले नाही. राहिला तो हिरवा पोशाख, सोन्याची हाव आणि ती भूमिका तन्मयतेने करणारा अभिनेता. मालिका टिकली ती त्याच्याच बळावर.

कोकणातून शंभर कोटींकडे

‘मुंज्या’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मूकपटकाळातील निर्माते नानासाहेब सरपोतदार यांच्या घराण्यातील आहेत. २०२२ मध्ये त्यांनी ‘झोंबिवली’ हा मराठी विनोदी भयपट केला होता. ‘मुंज्या’ची कथा १९५२ सालच्या कोकणात सुरू होते. वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीवर जीव जडलेला गोट्या तिच्याशी लग्न व्हावे म्हणून अघोरी विधी करू जातो आणि त्यातच मरण पावतो. मुंज नुकतीच झालेली असल्याने तो मुंजा होतो. अनेक वर्षांनी पुण्यात राहणारा त्याच घराण्यातील बिट्टू गावी येतो आणि लग्नाचा हट्ट धरलेले ते भूत त्याच्या मानगुटीवर बसते.

अभय वर्मा, शर्वरी, मोना सिंग, सुहास जोशी आणि सत्यराज यांच्या यात भूमिका आहेत. यांपैकी कोणाच्याही नावावर तिकीटबारी फुटेल, अशी निर्मात्यांची अपेक्षा नव्हती. मुंजा पूर्णपणे संगणकावर घडवला गेला. चित्रपट व्यवसायातील वृत्तांनुसार सुमारे ३० कोटी रुपये खर्चाच्या या चित्रपटाने भारतात शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. प्रमुख हिंदी चित्रपटांच्या तुलनेत हा खर्च अल्प होता.

हा चित्रपट एका मोठ्या मालिकेचा भाग आहे. निर्माते दिनेश विजन यांच्या संस्थेने २०१८ मध्ये ‘स्त्री’ हा अमर कौशिक दिग्दर्शित चित्रपट आणला. कर्नाटकात प्रचलित असलेली, दारावर ‘उद्या ये’ असे लिहून भुताला परतवण्याची कथा त्यात बुंदेलखंडातील चंदेरीत नेण्यात आली. झाशी, मोठ, ललितपूर या पट्ट्यातील बोलीचा आणि छोट्या शहराच्या गल्ल्यांचा बाज त्यामुळे मुख्य प्रवाहातील हिंदी भयपटात आला. त्यानंतर २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशात घडणारा ‘भेडिया’ प्रदर्शित झाला. ऑगस्ट २०२४ मधील ‘स्त्री २’ने भारतात पाचशे कोटींहून अधिक उत्पन्न मिळवले. सरपोतदार यांनीच दिग्दर्शित केलेला, वेताळाच्या कल्पनेवर आधारित ‘थामा’ २१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. जानेवारी २०२५ मध्ये या संस्थेने जाहीर केलेल्या आगामी चित्रपटांच्या यादीत ‘महामुंज्या’चाही समावेश होता.

लोककथेचे काय होते?

या यशाची दुसरी बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. लोककथेतील मुंजा गावागणिक वेगळा असतो. एका गावात तो खोड्या काढतो, दुसऱ्या गावात हरवलेले जनावर शोधून देतो. चित्रपटाने त्याला एक चेहरा, एक आवाज आणि एक हट्ट दिला. ज्या मुलांनी पिंपळाचा पार कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी तोच चेहरा आता मुंजाचा झाला आहे. लोककथा विसरली जाण्यापेक्षा हे बरे, असे एक मत आहे. सांगणाऱ्या आजीची जागा एका संगणकीय प्रतिमेने घेतली, तर कथा बदलण्याचे तिचे स्वातंत्र्य संपते, असे दुसरे मत आहे. दोन्हींत तथ्य आहे.

प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने त्यासंबंधीचा कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधून ठेवणे, नरबळी देणे अशी कृत्ये त्यानुसार गुन्हा ठरतात. भुताची गोष्ट सांगण्यास मात्र या कायद्याने कोणतीही आडकाठी केलेली नाही. भुताला हसणारा प्रेक्षक त्याला कमी घाबरतो, या दृष्टीने विनोदी भयपट मांत्रिकाच्या धंद्याला मारकही ठरू शकतो. परंतु पडद्यावरील मांत्रिकाचा उतारा जेव्हा खरोखर लागू पडताना दाखवला जातो, तेव्हा तोच चित्रपट नकळत त्या धंद्याची जाहिरातही करीत असतो.

मुंजाच्या कल्पनेच्या मुळाशी अकाली गेलेल्या मुलाचे दुःख आहे, ही बाबही नजरेआड करता येत नाही. ज्या काळात घरोघरी बालमृत्यू होत, त्या काळात गेलेला मुलगा जवळच्याच पिंपळावर आहे, अजून हट्ट करतो, खोड्या काढतो, ही समजूत मागे राहिलेल्यांना घाबरवत असे तसा काहीसा आधारही देत असे. ‘मुंज्या’तील भूत हट्टी आहे, पण मुळात ते मूल आहे, याचा विसर चित्रपटाने पडू दिलेला नाही. उत्तरभागात खर्च वाढतो, दृश्ये भव्य होतात आणि एका भुतासमोर दुसरे भूत उभे करावे लागते. लेप्रेकॉन अंतराळात गेला तेव्हा त्याच्याजवळ आयर्लंडचे काही उरले नव्हते. ‘महामुंज्या’च्या कर्त्यांपुढील आव्हान हेच आहे. नावाआधी ‘महा’ जोडल्यानंतरही पिंपळावरचे ते लहान मूल पडद्यावर ओळखू यावे लागेल.