मोल माणसाचे, मोल कामाचे

दिवाळीच्या पहाटे आमच्या घरी बंब पेटवणारे माणूस सर्वांच्या आधी उठलेले असे आणि फराळाला सर्वांच्या शेवटी बसे. आम्ही तिला अक्का म्हणत असू. बेळगावच्या पूर्वेकडील एका कानडी खेड्यातून ती आमच्या घरी आली आणि माजघराच्या कोपऱ्यातली एक वळकटी तिची झाली. ‘ऊटा आयता?’ हे कानडीतले माझे पहिले वाक्य मी शाळेत नव्हे, तिच्याकडून शिकलो. आल्यागेल्याला आई कौतुकाने सांगे, “ती काही कामाची बाई नव्हे हो, आमच्या घरचीच आहे.”

वडील गेल्यावर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आल्या. इतिहासाच्या शिक्षकाला जुने कागद दिसले की राहवत नाही. १९७१ ते १९८४ या चौदा वर्षांच्या वह्या मी ओळीने वाचून काढल्या. म्हशीची पेंड, रॉकेल, आमची फी, न्हाव्याचे पैसे, सारे पैशापैशाने लिहिलेले. अक्काच्या नावावर मात्र वर्षाला दोन लुगडी आणि क्वचित गावी जाण्याचे एसटीभाडे. पगाराची नोंद एकही नाही. माझे वडील लबाड नव्हते. घरच्या माणसाला पगार द्यायचा असतो, हेच त्यांच्या मनात आले नसावे.

या ‘घरचीच’ शब्दाचा माग काढू लागलो, तेव्हा तो थेट पेशवाईपर्यंत गेला.

अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द जागोजागी भेटतात. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, हा अर्थ होताच; पण या कागदांत तिचा अर्थ विकत घेतलेली दासी असा असतो. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या, स्वारीत पकडून आणलेल्या, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारने दासी ठरवलेल्या अशा या बायका. दळण, कांडण, शेणगोठा, बाळंतिणीची सेवा ही कामे त्यांच्याकडे असत. सरकारी पागांत आणि कोठ्यांतही त्या राबत. लेकीच्या आंदणात भांड्यांबरोबर कुणबीणही दिली जाई. त्यांना शिधा मिळे, कापड मिळे, वेतन नसे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी दख्खनमधल्या या गुलामगिरीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. आपल्या शालेय पुस्तकांत मात्र या बायकांना जागा मिळालेली नाही.

शेजारच्या गोव्यातही निराळे नव्हते. १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तिथल्या भर रस्त्यात चालणाऱ्या गुलामांच्या विक्रीचे वर्णन करून ठेवले आहे. पोर्तुगीज सत्तेने आपल्या सर्व मुलखांतली गुलामगिरी १८६९ मध्ये कायद्याने रद्द केली. पण त्यानंतरही सधन घरांत ‘पोसकें’ राहिलेच. गरिबाचे किंवा अनाथ मूल घरात घ्यायचे, त्याला खाऊपिऊ घालायचे आणि जन्मभर राबवायचे. पोसकें म्हणजे पोसलेले. शब्दात माया केवढी! पण मालमत्तेत वाटा नाही आणि कामाला दाम नाही.

आपल्या भागात पेशवाई १८१८ मध्ये संपली. कुणबीण तेवढ्याने सुटली नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने एवढेच केले, की गुलामावरचा मालकाचा हक्क न्यायालयाने मानायचा नाही. गुलाम बाळगणे त्यामुळे गुन्हा ठरले नाही. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या भारतीय दंडविधानाने, आणि ते अमलात आले १८६२ मध्ये. एवढ्या वर्षांत ज्या बायका घराघरांतून होत्या, त्या जाणार कुठे? माहेर कोणाला आठवत नव्हते. कायदा उंबऱ्यापर्यंत आला. माजघरात तीच बाई, तेच जाते आणि तोच शिधा.

म्हणूनच ‘मोलकरीण’ हा शब्द मला मोठा वाटू लागला आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. कुणबिणीच्या काळी मोल माणसाचे होत असे. मोलकरणीच्या बाबतीत ते कामाचे होते. समाजाने टाकलेले हे फार मोठे पाऊल. आपण मात्र तो शब्द हलका मानला आणि मायेच्या भरात ‘घरचीच’ म्हणू लागलो. त्या मायेत मोल तेवढे गळून पडले.

ती माया खोटी होती, असे मी म्हणणार नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा अक्का रात्ररात्र उशाशी बसून होती. पण तिचा कप निराळा होता, तो परसातल्या कोनाड्यात उपडा असे. घरच्या माणसाचा कप कोनाड्यात का, हे मी तेव्हा विचारले नाही.

पेशवाईच्या कागदांत म्हाताऱ्या, काम न होणाऱ्या कुणबिणीला सोडून दिल्याच्या नोंदी सापडतात. त्या मी प्रथम वाचल्या तेव्हा मालकांची दया वाटली होती. वडिलांच्या १९८४ च्या वहीत शेवटी एक ओळ आहे : ‘अक्कास गावी पोचविले, भाडे व लुगडे.’ तिचे डोळे अधू झाले होते. भावाच्या घरी तिला सोडून आल्यावर आईने दोन दिवस डोळ्यांना पदर लावला होता. त्या एका ओळीने पेशवाईतली ती दया मला पुन्हा वाचायला लावली.

अलीकडे कायदे पुष्कळ झाले. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाला किमान वेतन ठरवून दिले. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ मध्ये बंदी आली. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार संमत केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयालाही केंद्र सरकारला सांगावे लागले, की घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करा. १८४३ पासून चाललेली ही वाट अजून माजघरापर्यंत पोचलेली नाही.

शाळेत प्रवेशाचा अर्ज अपुरा असला तर मी परत पाठवतो. नावाशिवाय नोंद करायची नाही, हा माझा शिरस्ता. वडिलांच्या चौदा वह्या मी दोनदा चाळल्या, त्या अक्काचे नाव शोधायला. सगळीकडे ‘अक्का’ एवढेच आहे. आई गेली, अक्का गेली, आता सांगणारेही कोणी उरले नाही.

आमच्या घरी आज काम करणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव मी वहीत लिहितो, पुढे तारीख आणि रक्कम. साप्ताहिक सुट्टी आहे, दिवाळीला एका महिन्याचा जादा पगार आहे. त्याने जुनी बाकी फिटत नाही, हे मला कळते. पण निदान पुढे कधी कोणी ही वही उघडली, तर त्याला नाव शोधत बसावे लागणार नाही.