माशाच्या ओठावरची गाठ आणि आपल्या तोंडातला खर्रा

पैनगंगेवर मासेमारी करणारे एक काका काही दिवसांपूर्वी तपासणीला आले होते. औषध लिहून झाले, उठता उठता त्यांनी मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. मरळ माशाच्या अंगावर लालसर खोल जखम होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मासोळीलेबी कॅन्सर होते का जी? अन् अशी मासोळी खाल्ली त आपल्याले होईन का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही, पण' असे आहे. या 'पण'च्या मागे ऐंशी वर्षांचा मोठा रंजक इतिहास आहे. आज तोच सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या ताटातल्या शेंगदाण्याशी आणि खिशातल्या पुडीशीही आहे.

१९४१ : दोन शहरे, एकच दुखणे

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्यासमोर येणाऱ्या रुग्णांत तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण फार होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील अशा लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला.

त्याच १९४१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराजवळच्या नद्यांमध्ये ल्यूके आणि श्लुमबर्गर या दोन शास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसली. तिथे आपल्या मागूरच्या दूरच्या नात्यातला, मिशा असलेला बुलहेड नावाचा मासा मिळतो. तो नदीच्या तळाशी गाळात राहतो. अशा पुष्कळ माशांच्या ओठांवर आणि तोंडात गाठी होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्या कॅन्सरच्या निघाल्या. कारण मात्र त्यांना उलगडले नाही.

मुंबईत खानोलकर मात्र कारणापर्यंत पोहोचत होते. रुग्णाला काय होते आहे, एवढेच विचारून ते थांबत नसत. तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो हेही ते पाहत. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर निबंध लिहिला. कंबरेला धोतर घट्ट आवळून तिथेच वर्षानुवर्षे घासले गेल्याने होणारा त्वचेचा कॅन्सर त्यात होता. ओठामागे खैनी धरून ठेवणाऱ्यांचा कॅन्सरही होता. जिथे तंबाखू ठेवायची, तिथेच गाठ. कॅन्सर म्हणजे नुसते नशीब नाही, त्याला पत्ता असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

सरकीच्या पेंडीचा धडा

यानंतरचा धडा १९६० चा आहे, आणि तो आपल्या कापसाच्या जिल्ह्याने नीट ऐकावा असा आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ट्राउट माशांची पैदास केंद्रे आहेत. १९६० च्या सुमारास तिथल्या माशांच्या पोटात यकृताच्या मोठमोठ्या गाठी आढळू लागल्या. पाणी तर स्वच्छ होते. मग बदलले काय? बदलला होता खुराक. ताज्या मांसाऐवजी कोरड्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या गोळ्यांत सरकीची पेंड होती.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. शोध घेतल्यावर पेंडीवर वाढलेल्या हिरवट बुरशीचे विष सापडले. त्याला नाव मिळाले अफ्लाटॉक्सिन. सरकीच्या पेंडीतही हेच विष निघाले. ट्राउट मासा या विषाला इतका नाजूक, की खाद्याच्या शंभर कोटी भागांत एक भागाहून कमी विषानेही त्याच्या यकृतात गाठी होतात.

मासे आणि पक्षी झाले, माणसाचे काय? उत्तर १९७४ मध्ये आपल्याच देशात मिळाले. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने मका भिजला, बुरशी आली, पण घरात दुसरे धान्य नव्हते. लोकांनी तोच मका खाल्ला. ३९७ जणांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. १०६ जण दगावले. त्या घरांतले कुत्रेही आजारी पडले. ही एकदम खूप विष पोटात गेल्याची घटना होती. तेच विष थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले, तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. कावीळ-बी, म्हणजे हिपॅटायटिस-बी असलेल्यांना हा धोका कितीतरी पट जास्त असतो.

१९९१ मध्ये जनुकशास्त्राने यावर शिक्कामोर्तब केले. आपल्या पेशीत पी-५३ नावाचे एक जनुक असते. त्याला पेशीतला पहारेकरी समजा. पेशी बिघडली की तो तिची वाढ थांबवतो. चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील ज्या भागांत धान्यात अफ्लाटॉक्सिन जास्त होते, तिथल्या यकृत कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यातल्या बऱ्याच गाठींत या जनुकातील नेमके एकच अक्षर, एकाच जागी बदललेले होते. चोराने आपल्या बोटाचा ठसा मागे सोडावा, तसेच हे झाले.

कारखाना बंद झाला आणि मासे सुधारले

आता पुन्हा त्या मिशीवाल्या बुलहेडकडे येऊ. अमेरिकेतील ओहायो राज्यात ब्लॅक नावाची नदी आहे. तिच्या काठावर दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना होता. कोळसा, लाकूड, तंबाखू असे काहीही अर्धवट जळले की पीएएच नावाची रसायने तयार होतात. ती नदीच्या गाळात साचली होती. १९८२ मध्ये तिथल्या मोठ्या बुलहेड माशांत यकृताच्या कॅन्सरचे प्रमाण फार मोठे आढळले.

१९८३ मध्ये कारखाना बंद झाला. नव्या गाळाचा थर बसत गेला, रसायने खाली गाडली गेली. १९८७ पर्यंत कॅन्सरचे प्रमाण सुमारे चौथाईवर आले. पुढे १९९० मध्ये नदी खोल करण्यासाठी तळ उकरला, जुने विष वर आले आणि कॅन्सर पुन्हा वाढला. नंतर तो परत उतरला.

माशांना कोणी औषध दिले नव्हते, ऑपरेशन केले नव्हते. फक्त कारण दूर झाले. कॅन्सरच्या इतिहासात मला ही घटना फार मोलाची वाटते.

"मला सवय झाली आहे"

खर्रा सोडा म्हटले की अनेकजण म्हणतात, "डॉक्टर, वीस वर्षं खातो, शरीराला सवय झाली." त्यांच्यासाठी इतिहासाचे शेवटचे पान आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाड्यांत बोटभर लांबीचा किलिफिश राहतो. व्हर्जिनियातील एलिझाबेथ नदीच्या काठी लाकडाला डांबरी तेल पाजणारा कारखाना होता. तिथला गाळ इतका विषारी, की बाहेरून आणलेल्या माशांची अंडी त्यात नीट वाढतच नाहीत. पण तिथलेच किलिफिश आरामात पोहत होते. हे कसे?

२०१६ मध्ये संशोधकांनी स्वच्छ आणि प्रदूषित अशा आठ ठिकाणच्या ३८४ किलिफिशचा पूर्ण जनुकसंच, म्हणजे जिनोम वाचला. पेशीत विष आल्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा असते. विष सतत येत राहिले की ही घंटा सतत वाजते आणि त्या ताणानेच पिलू बिघडते. विषारी पाण्यातल्या माशांत ही घंटाच जवळजवळ बंद करणारे जनुकीय बदल पसरले होते. काही ठिकाणचे मासे तर इतरांना मारणाऱ्या मात्रेच्या आठ हजार पटीपर्यंत विष सोसत होते.

म्हणजे सवय झाली म्हणायची का? तर नाही. एका माशाला सवय झाली नव्हती. लाखो मासे पिढ्यान् पिढ्या मेले आणि ज्यांच्यात तो बदल जन्मतःच होता, तेवढ्यांचा वंश टिकला. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९९० मध्ये एलिझाबेथ नदीच्या त्याच जागेवरील मोठ्या किलिफिशची तपासणी झाली होती. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या माशांपैकी सुमारे एक तृतीयांश माशांच्या यकृतात कॅन्सर होता. घंटा बंद केली म्हणून चोर घरातून जात नाही.

खर्रा खाऊन चक्कर येईनाशी झाली, म्हणजे तेवढीच घंटा बंद झाली. गालाच्या आतल्या पेशींना सवय होत नसते.

टेन्शनने कॅन्सर होतो का?

माशांच्या अभ्यासातला 'ताण' म्हणजे विष, तापलेले पाणी, कमी ऑक्सिजन. आपल्या मनातले टेन्शन वेगळे. नुसत्या काळजीने कॅन्सर होतो, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून "मी फार विचार केला म्हणून मला हे झाले" असा दोष कोणत्याही रुग्णाने स्वतःला देऊ नये. मात्र टेन्शनमुळे तंबाखू, दारू वाढते, झोप आणि जेवण बिघडते. धोका त्या वाटेने येतो.

काकांना मी काय सांगितले

फोटोतली जखम बहुधा संसर्गाची होती. १९८८ मध्ये भारतात शिरलेला माशांचा व्रणरोग मरळला विशेष होतो. तो कॅन्सर नव्हे. माशाचा कॅन्सर खाण्यातून माणसाला लागत नाही. पण जखमी किंवा गाठी असलेला मासा खाऊ नये, विकू नये. एकाच जागी असे बरेच मासे दिसले तर मत्स्य विभागाला कळवावे. आजारी मासा पाण्याची खबर देत असतो.

आणि आपण सर्वांनी एवढे करावे :

- बुरशी लागलेले, कडवट लागणारे शेंगदाणे आणि काळा-हिरवा पडलेला मका फेकून द्या. भाजून किंवा धुऊन अफ्लाटॉक्सिन पूर्ण जात नाही.
- तोच माल जनावरांनाही घालू नका. दुधाळ जनावराने बुरशीची पेंड खाल्ली तर विषाचा अंश दुधात उतरतो.
- धान्य पूर्ण वाळवून, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा.
- बाळाला हिपॅटायटिस-बीची लस वेळेवर द्या.
- खर्रा, गुटखा, बिडी बंद करा. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने जाहीर केले आहे.
- तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारे छाले, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर लगेच दाखवा. वेळेवर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो.

काका ऐकत होते. शेवटी हसून म्हणाले, "म्हंजे मासोळीले पाणी बदलता येत नाही, आपल्याले येते." माझ्या एवढ्या लांबलचक भाषणाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. जाताना खिशातली पुडी त्यांनी टेबलावर ठेवली. पुढच्या तपासणीला येतील तेव्हा मी आधी त्यांचे तोंड उघडून पाहणार आहे.