नाटकाची वर्दी

इ. स. १८४३ च्या नोव्हेंबरात पाच तारखेस सांगली येथे श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा आपला पहिला खेळ करून दाखविला, आणि तो दिवस आपण मराठी रंगभूमीदिन म्हणून आजही पाळतो. परंतु या खेळासंबंधी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही, ती ही की त्याची वर्दी गावास देण्याचे काही प्रयोजनच नव्हते. ज्याच्या आज्ञेने खेळ सिद्ध झाला तोच त्याचा मुख्य प्रेक्षक, खर्च खाजगीकडून, आणि नटांच्या उदरनिर्वाहाची चिंता दरबारास. अशा खेळाला दिवस आणि वेळ असते, पण फलक नसतो.

१८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि दरबारचा हात आखडला, तेव्हा भाव्यांना आपली मंडळी घेऊन परमुलखात उतरावे लागले. १८५३ साली ही मंडळी मुंबईस आली आणि नाना शंकरशेट यांच्या उद्योगाने १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिने तिकीट लावून खेळ केले. इंग्रजी वर्तमानपत्रांत तिचा उल्लेख 'हिंदू ड्रमॅटिक कोअर' या भारदस्त नावाने होऊ लागला. सांगलीस ज्यांना प्रत्येक प्रेक्षकाचे नाव ठाऊक असे, त्यांना येथे एकाही प्रेक्षकाचे नाव ठाऊक नव्हते, आणि ज्याने पदरचा रुपया मोजून यावयाचे त्यालाही पडद्यामागील मंडळींची ओळख नव्हती. या दोन अपरिचितांमध्ये विश्वासाचा जो पहिला कागद झाला तो म्हणजे नाटकाची जाहिरात. आपल्या नाट्येतिहासकारांनी नाटककारांचा, नटांचा आणि पदांच्या चालींचा जितक्या आस्थेने विचार केला, तितक्या आस्थेने या कागदाचा केला नाही, असे मला वाटते.

पुढील खेळाची वर्दी देण्याची रीत मात्र त्याहून फार जुनी आहे. संस्कृत नाटकाचा सूत्रधार नांदी आटोपताच विद्वत्परिषदेस आज कोणते नाटक आणि कोणत्या कवीचे, हे प्रथम निवेदन करतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा तो सूत्रधार त्यांच्याबरोबर मराठीत आला. दक्षिण कोकणात तर वर्दीची गरज आजही थोडीच भासते. तेथील दशावतारी मंडळी देवस्थानांच्या जत्रांतून खेळ करतात, जत्रेची तिथी पंचांगात ठरलेली असते, आणि कोणत्या गावी कोणत्या मंडळीचा खेळ हे पिढीजात चालत आलेले असल्यामुळे घराघरांतून आधीच माहीत असते. नारायणगावास फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी तेथे येऊन आपल्या यात्रेसाठी तमाशाची सुपारी देतात, आणि त्या सुपारीने फडाचा पुढला सारा हंगाम बांधला जातो. गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत वडसा म्हणजे देसाईगंज हे असेच ठिकाण. दिवाळी सरली की तेथील कंपन्यांच्या कचेऱ्यांतून तारखा ठरू लागतात, मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या नाटकांचे फलक खेड्याखेड्यांच्या चौकांत लागतात, आणि पाहुणेरावळे त्या तारखा धरून घरी येतात. या सर्व ठिकाणी प्रेक्षक हा गावच असतो, सुटा गिऱ्हाईक नसतो. सुट्या गिऱ्हाइकाला बोलावण्याची कला संगीत नाटक मंडळ्यांनी जोपासली, आणि तिचे वैभव सांगितल्यावाचून हा विषय पुढे नेता येत नाही.

मंडळीचा मुक्काम एखाद्या गावी पडावयाचा तर तिचा व्यवस्थापक काही दिवस आधी पुढे जाई. नाटकगृह असल्यास भाडे ठरविणे, नसल्यास मोकळ्या जागेवर कनातींचा मांडव घालण्याची तजवीज करणे, मामलेदार-फौजदारांकडून परवानगी मिळविणे, बिऱ्हाडासाठी वाडा पाहणे, आणि गावात छापखाना असेल तर हस्तपत्रकांचा मजकूर खिळ्यांवर चढविणे, ही सारी कामे त्याच्या शिरावर असत. खेळ बहुधा बुधवारी, शनिवारी आणि रविवारी होत. मधल्या दिवशी बैलगाडीला फलक बांधून वाजंत्री लावीत, आणि मागे धावणाऱ्या मुलांच्या हाती लाल-पिवळ्या पातळ कागदाची हँडबिले पडत. नाटकाचे नाव ठळक, त्याखाली नाटककार, मग प्रमुख नट आणि त्यांच्या भूमिका, दर, आणि स्त्रियांची बसण्याची व्यवस्था स्वतंत्र असल्याचा निर्वाळा; असा त्या पत्रकाचा घाट ठरून गेला होता. हा शेवटचा निर्वाळा किरकोळ समजू नये, कारण घरातील स्त्रिया नाटकास जाव्यात की न जाव्यात याचा निकाल कित्येक घरांत त्या एका ओळीवर होत असे. वाचता न येणाऱ्यांसाठी वाचून दाखविणारा कोणी तरी कट्ट्यावर भेटेच, आणि अशा रीतीने एक पत्रक दहा घरांत पोचे.

सरकारलाही या कागदाचे मर्म ठाऊक होते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने कोणताही खेळ बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला होता, आणि खाडिलकरांच्या १९०७ सालच्या 'कीचकवधा'त कर्झनशाहीचे प्रतिबिंब दिसताच १९१० मध्ये त्या अधिकाराचा वापर झाला. पुस्तक घरात दडवून वाचता येते, परंतु नाटकाला आपली जागा आणि वेळ आधी जाहीर करावीच लागते, म्हणून बंदीचा घाव नाटकावर अचूक बसतो.

जाहीर झालेली तारीख ही मंडळीची अब्रू मानली जाई. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन नाटकगृहात किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. खेळ पुढे ढकलावा असे कोणी सुचविले असते तर त्यास दोष देता आला नसता. तरीही बालगंधर्व भामिनीच्या वेषात उभे राहिले आणि प्रयोग ठरल्या वेळी झाला. ही कथा सांगताना आपण त्यांच्या मनोधैर्याची स्तुती करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु मला तीत एका परंपरेचा दाब जाणवतो. ज्यांनी तिकिटे घेतली त्यांना दिलेला शब्द वैयक्तिक दुःखाहून मोठा मानण्याची ती परंपरा होती, आणि तिने कलावंतांकडून काय काय वसूल केले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दहा वर्षांनंतर, ८ जुलै १९२१ रोजी, त्याच नाटकाच्या संयुक्त प्रयोगाची वर्दी मुंबईत फिरली: भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले, जागा बालीवाला नाटकगृह आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एका पत्रकावर येणे हीच त्या दिवसाची मोठी बातमी होती. पुढे तीन महिने पुरते झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि थोड्याच वर्षांत नाटकगृहांवर चित्रपटांचे फलक चढले. पुण्याचे विजयानंद हे त्यांतलेच एक. बैलगाडी थांबली, वाजंत्री लग्नापुरती उरली. पुढे १९६५ मध्ये दादरचे शिवाजी मंदिर आणि १९६८ मध्ये पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर उघडले, तेव्हा वर्दीचे ठाणे वर्तमानपत्रात जाऊन बसले होते. नाटकाचे नाव, वार, वेळ, 'तिकीटविक्री सुरू' ही दोन शब्दांची ललकारी, एवढा ऐवज बोटभर चौकटीत बसवलेला असे. आणि अनेक घरांत शनिवार-रविवारचे वर्तमानपत्र प्रथम त्या पानाशी उघडले जाई. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे नाटकगृहे बंद झाली तेव्हा ते पान कोरे पडले, आणि केवळ जाहिरातीच्या अभावाने मन इतके उदास व्हावे याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

आता एक विनंती. केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, कोल्हापुरात त्यांचे नाव धारण करणारे नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी बांधवून १९१५ मध्ये खुले केलेले पॅलेस थिएटर, आगीत भस्मसात झाले. त्याची पुनर्बांधणी शासनाने हाती घेतली. वास्तूचे नकाशे असतात, छायाचित्रे असतात, भिंती पुन्हा चढविता येतात. हस्तपत्रकाला हा दिलासा नाही. ते एका रात्रीपुरतेच छापलेले, खेळ होताच निरुपयोगी ठरणारे. त्यावर वार असतो, तारीख असते, पण कित्येकदा सालच नसते, कारण छापणाऱ्यास ते पुढे कोणी वाचील अशी कल्पनाही नव्हती. तरी कोणत्या गावी कोणती मंडळी येऊन गेली, कोणत्या नटाने कोणती भूमिका केली, दर काय होता, स्त्रियांना कोठे बसवीत, हे सांगणारा समकालीन साक्षीदार अनेकदा तेवढाच असतो. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या चोपडीत किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात असा एखादा कागद सापडला, तर तो रद्दीत घालू नका. कोणाचा, कोठला आणि अदमासे कोणत्या सालचा हे पेन्सिलीने मागे लिहा, आणि गावच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या.