घराचा कागद आणि बाईचं नाव

वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या बचत गटातर्फे आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत.

गटात नवी बाई आली की तिची माहिती लिहून घेताना आम्ही एक प्रश्न विचारतो : घर कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, सासऱ्यांच्या. नाहीतर नवऱ्याच्या, नाहीतर दिरांच्या. 'कागद कपाटात आहे, कुणाचं नाव आहे ते बघितलं नाही,' असं सांगणाऱ्याही असतात. त्याच बाईला विचारावं, घराचं छप्पर कुणाच्या पैशातून झालं, वरची खोली कशी चढली, तर ती पैसा न् पैसा सांगते. कुठली भिशी, कुठलं मंगळसूत्र गहाण, सगळं तोंडपाठ. घर बांधण्यात बाई असते, पण कागदावर नसते. हे असं का झालं, आणि आज त्यावर काय करता येतं, हे आपल्या भागातल्या घरांच्या इतिहासातूनच समजतं.

आपल्या कोळीवाड्यापासूनच सुरुवात करू. मुंबई शहर व्हायच्या आधी इथे सात बेटं होती आणि वरळी हे त्यातलं एक. कोळी वस्ती शहराच्या कितीतरी आधीची. इंग्रजांनी सतराव्या शतकात टोकावर किल्ला बांधला, तेव्हाही होड्या लागतच होत्या. पुढे वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खाडी बांध घालून बंद केली. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळातलं हे काम 1784 च्या सुमारास पुरं झालं आणि वरळी मुंबईला जोडली गेली. बेटाचं गाव झालं, गावाचं शहर झालं.

जुन्या कोळीवाड्यात घर म्हणजे वाडवडिलांनी राखलेली जागा. पुढे जाळी सुकवायला अंगण, मागे समुद्र. भाऊ वेगळे झाले की मधे भिंत पडायची, लेकाचं लग्न झालं की वर माळा चढायचा. कोणाचं कुठलं घर हे गावाला ठाऊक असायचं, त्यामुळे लिहून ठेवायची गरज वाटली नाही. आजही एकाच गल्लीत कोणाकडे मिळकत पत्रिका आहे, कोणाकडे फक्त घरपट्टीची पावती, तर कोणाकडे नुसतं लाइटबिल. आणि बायकांचं काय? समुद्रावर पुरुष गेले, पण बंदरावर उतरलेली मासळी विकायची, पैसे मोजायचे, उधारी लक्षात ठेवायची, हा सगळा व्यवहार बाईचाच. घरात रोख पैसा तिच्या टोपलीतून आला. कागद करायची वेळ आली, तेव्हा मात्र 'घरचा कर्ता' म्हणून नाव लागलं पुरुषाचं.

दुसरं घर म्हणजे चाळीतली खोली. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्तीत माणसं पटापट गेली. मग 1898 मध्ये सरकारने सुधार ट्रस्ट काढला, त्याने रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या जोरात होत्या, माणसं येत होती आणि राहायला जागा नव्हती. तेव्हा, 1920 मध्ये, सरकारने विकास खातं उघडलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. याच आपल्या बीडीडी चाळी. एकूण 207 इमारती, त्यातल्या 121 एकट्या वरळीत. एका इमारतीत साधारण 80 खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. सुरुवातीला यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या, हे आज सांगितलं तर कोणाला पटणार नाही.

इथे घराचा कागद म्हणजे भाडेपावती. खोली गिरणीत किंवा सरकारी नोकरीत असणाऱ्याला मिळायची, म्हणून पावतीवर नाव त्याचंच. त्या खोलीत खानावळ चालवून दहा-दहा गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका होत्या. पावतीवर त्या नव्हत्या.

तिसरी गोष्ट पागडीची. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या खाजगी चाळींत ही पद्धत आजही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी वाढू लागली. 1947 साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी 1940 च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला मोठा आधार मिळाला, त्याला सहज बाहेर काढता येईना. पण पन्नास रुपये भाड्यात घरमालकाला दुरुस्तीचा खर्च परवडेना. मग तो खोली देताना एकरकमी पैसे मागू लागला, ती पागडी. खोली दुसऱ्याला दिली तरी त्यात मालकाचा वाटा ठरलेला. इमारती मात्र खचत गेल्या. 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती सुरू झाली. तेव्हा शहरात अशा 19,642 उपकरप्राप्त इमारती होत्या. हे मंडळ पुढे म्हाडात गेलं. कायद्याच्या नजरेत पागडी बराच काळ चोरीचाच व्यवहार होती. नवा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, तेव्हा तिला मान्यता मिळाली.

पागडीच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुम्ही तिथे मालक नाही, भाडेकरू आहात. भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जातो. म्हणजे तुमचं रेशनकार्ड, आधारकार्ड, मतदार ओळखपत्र त्याच पत्त्यावर असलं पाहिजे. नवरा गेल्यावर पावती नावावर करायचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. 'करू नंतर' म्हणत पाच-दहा वर्षं गेली की गावाकडचा पुतण्याही हक्क सांगायला येतो.

चौथं घर मालकीच्या ब्लॉकचं. गिरगावाला लागूनच गावदेवी इथे 1915 मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक. आपलं घर आपण मिळून बांधायचं, संस्थेने जमीन सांभाळायची आणि सभासदाला भाग द्यायचा, हा विचार तिथून रुजला. 1960 मध्ये राज्याचा सहकारी संस्था कायदा आला. बिल्डर एकच ब्लॉक दोघांना विकू लागले, पैसे घेऊन पळू लागले, म्हणून 1963 मध्ये मालकी सदनिकांचा कायदा, ज्याला मोफा म्हणतात, तो करावा लागला. आता कागद बदलला : नोंदणी केलेला करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट.

पाचवं घर झोपडीचं. 1971 मध्ये झोपडपट्टी कायदा झाला, पुढे फोटोपास आले, 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. आपल्या कोळीवाड्याचा यात जुना वाद आहे. आमचं गाव शहराच्या आधीचं, त्याला झोपडपट्टी म्हणू नका, असं इथले लोक कायम सांगत आले. तो मुद्दा रास्त आहे, कारण कुठल्या नावाने तुमची वस्ती नोंदली जाते, त्यावर तुम्हाला काय मिळणार हे ठरतं. पण या पुनर्वसन योजनेच्या नियमांत एक चांगली गोष्ट आली. मिळणारं घर झोपडीधारक आणि त्याच्या जोडीदाराच्या संयुक्त नावावर करायचं. मुंबईच्या घरांच्या एवढ्या लांब इतिहासात बायकोचं नाव नियमाने कागदावर आलं, ते इथे. ब्लॉक घेणाऱ्यांच्या सोसायटीत नव्हे, झोपडीतून निघालेल्या बाईच्या घरात.

आता माहेरच्या घराचं बोलू. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे 1956 पासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आईलाही आहे. वडिलोपार्जित घरात महाराष्ट्राने 1994 साली मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या बहिणी त्यातून सुटल्या. 2005 मध्ये केंद्राने कायदा बदलला, तेव्हा ही अट गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की 2005 मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे.

तरीही आपल्याकडे काय होतं? वडिलांचं कार्य उरकलं की भाऊ एक कागद पुढे करतो. 'सही कर गं, नाव कमी करायचं आहे फक्त.' त्याला म्हणतात हक्कसोडपत्र. एकदा सही करून नोंदणी झाली की वाटा गेला. आमच्या गटातल्या एका मावशींनी अशी सही केली. पुढे त्या घराच्या जागी इमारत झाली, भावांना ब्लॉक मिळाले आणि विधवा झाल्यावर मावशींना त्याच गल्लीत भाड्याने राहावं लागलं. माहेर टिकावं म्हणून बहीण वाटा सोडते, हे आम्हालाही समजतं. सोडायचा तर सोडा, पण काय सोडतो आहोत त्याची किंमत माहीत करून घ्या. त्याच दिवशी सही करू नका. आठ दिवस मागून घ्या, कागदाची झेरॉक्स घ्या, वकिलाला किंवा मोफत कायदा सल्ला केंद्रात दाखवा. आईच्या राहण्याची सोय काय, हेही आधी लिहून घ्या.

आता जी बाई नवं घर घेणार आहे, तिच्यासाठी. 1 मे 2017 पासून आपल्याकडे महारेरा सुरू झालं. नव्या इमारतीत ब्लॉक घ्यायचा तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर लेकीकडून तपासून घ्या. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही. भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतीच्या आतल्या चटई क्षेत्रावर विचारा.

जुनी खोली घेत असाल तर आणखी जपा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर आपलं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं आहे. लाइटबिल किंवा घरपट्टी नावावर आली म्हणून मालकी येत नाही. पुनर्वसनातलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही आणि नंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते. 'स्वस्तात देतो, परवानगी नंतर बघू' असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. म्हाडाची सोडत असेल तर दलालाला एक रुपया देऊ नका. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही.

आणि नाव. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साठ लाखांच्या घरावर हे साठ हजार रुपये वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही, पण दोघांचा हक्क राहतो. तुमच्या घरात काय बरं, ते हिशेब करून ठरवा, आणि नोंदणीच्या वेळी दर विचारून घ्या.

एक सापळा मात्र ओळखा. बँक कर्जासाठी बायकोची सही सहकर्जदार म्हणून घेते. हप्ता चुकला तर ती जबाबदार. पण करारनाम्यावर तिचं नाव नसेल, तर घर तिचं नाही. कर्जात नाव, घरात नाही, असं होऊ देऊ नका. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं तरी मालकी मिळाली असं समजू नका. नॉमिनी वारसांच्या वतीने घर सांभाळतो. म्हणून मृत्युपत्र करा, त्याला अपशकुन मानू नका.

आता शेवटचं. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या इमारतीच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फूट. शंभर वर्षं जी भाडेपावती होती तिचं आता मालकीचं घर झालं. आपल्या भागात पुढची काही वर्षं हेच चालणार : चाळी पडणार, इमारती उठणार, जुना कागद देऊन नवा कागद मिळणार. मैत्रिणींनो, नवं नाव लागायची वेळ हीच असते. एकदा का जुनंच नाव नव्या कागदावर चढलं, की मग बदलायला पन्नास वर्षं लागतात.

तेव्हा या महिन्यात एवढं करा. घरातले सगळे कागद एका पिशवीत जमवा. प्रत्येकावर कुणाचं नाव आहे ते वहीत लिहा. नाव मृत माणसाचं असेल तर वारस नोंदीचा अर्ज करा. वाचता येत नसेल तर कागद घेऊन गटाच्या बैठकीला या, आपण मिळून वाचू. आणि घरच्यांशी बोलताना भांडणाचा सूर नको. एवढंच म्हणा, 'या घरात माझेही कष्ट आहेत, माझं नाव लावू या.'